परतीचा धक्का बदलला: खाडीच्या तोंडावर बंद पडलेल्या पर्यटक होडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातली एक खाडी. मुखाच्या दक्षिणेला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उत्तरेला खडक, आणि मधे पाण्याखाली वाळूचा दांडा. हा दांडा दर पावसाळ्यानंतर थोडा सरकतो, म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असं नाही. आतल्या जेटीवरून डॉल्फिन बघायला होड्या सुटतात. गाव, होडी आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील इथे बदलले आहेत; घटनांचा क्रम आणि बिघाडाचं कारण तसंच ठेवलं आहे.

होडी फायबरची, २४ फुटी, मागे २५ एचपीचं पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड मशीन. परवाना १० पर्यटकांचा. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, अनुभवी; सोबत एक तरुण खलाशी. पर्यटक पश्चिम महाराष्ट्रातून आलेलं एक मोठं कुटुंब: १० मोठी माणसं आणि ७ व ९ वर्षांची दोन मुलं. "पोरांना काय मोजायचं, मांडीवर बसतील," असं म्हणून पाहिलं, पण तांडेल ऐकेना. शेवटी आजी-आजोबा जेटीवर थांबले आणि १० जण चढले. हा नकार पुढे दोन प्रकारे उपयोगी पडला. होडी हलकी राहिली, आणि किनाऱ्यावर काळजी करणारा, हातात फोन असलेला माणूस राहिला.

ठरलेली वेळ सकाळी आठची होती. आदल्या रात्री ५०० रुपये आगाऊ पाठवले होते. सकाळी उठायला उशीर, मग नाश्ता, मग बाजार, असं करत मंडळी जेटीवर पोचली ती दुपारी अडीचला. तांडेल म्हणाला, "दुपारनंतर वारो सुटता, उद्या सकाळीच येवा." पण मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघणार होती. आगाऊ पैसे घेतलेले, दिवसभरात दुसरं गिऱ्हाईक नाही. १४:५० ला होडी सुटली.

त्या दिवसाचं पाणी आणि वारा

फेब्रुवारीचा मध्य, वद्य द्वितीया. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचाच जोर असतो. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट: द्वितीयेला दीड वाजता. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बराच जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे सिंधुदुर्गात ती आधी लागते. भरती-ओहोटीच्या कोष्टकात त्या दिवशी पूर्ण भरती १२:४० ला आणि पूर्ण ओहोटी १८:५० च्या सुमारास होती.

ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात साधारण बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. त्या दिवशी हे दोन तास १४:४० ते १६:४० असे येत होते. नेमक्या त्याच वेळेत होडी बाहेर पडणार आणि परत फिरणार होती.

त्यात वायव्येचा वारा. हिवाळा-उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तीन-चारच्या सुमारास जोर धरतो. वारा आत ढकलतो, ओहोटीचं पाणी बाहेर ढकलतं. दोन्ही समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि दांड्यावर खोली कमी म्हणून तिथेच फुटतात. आतल्या जेटीवरून यातलं काहीच दिसत नाही.

बाहेर पडताना मात्र सगळं सोपं वाटलं. पाण्याची ओढ मागून होती, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटांना सामोरी होती, होडी दोन मिनिटांत दांड्यापलीकडे गेली. खाडीचं तोंड माणसाला इथेच फसवतं. जाताना मिळालेल्या अनुभवावरून येतानाचा अंदाज बांधता येत नाही, कारण परतताना लाटा मागून येतात, आणि होडीची सर्वात बुटकी, मशीन लावलेली बाजू त्यांच्या समोर असते.

अडचण

किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरवर डॉल्फिन दिसले. सगळे एका बाजूला उठून उभे राहिले, होडी कलली, तांडेल ओरडला, माणसं बसली. इथवर नेहमीचंच. फोटो चांगले यावेत म्हणून पाच जणांनी लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले होते, दोघांनी जॅकेट काढून फळीवर ठेवलं होतं. दोन्ही मुलांच्या अंगात मोठ्यांची जॅकेटं होती. खांदे धरून वर उचललं तर जॅकेट कानापर्यंत येत होतं. म्हणजे पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर.

होडी लाटांवर डुलत थांबली असताना पेट्रोलचा वास येऊ लागला. २४ लिटरच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो, त्यातून थेंब उडत होते. एका बाईंना मळमळू लागलं, तेव्हा खलाशाने तो स्क्रू घट्ट आवळला. वास थांबला. तांडेलला हे सांगायचं राहून गेलं.

१५:५० ला परतीची वाट धरली. दहा-बारा मिनिटं मशीन व्यवस्थित चाललं. मुखासमोर आल्यावर दिसलं की दांड्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरं होतं. तांडेलने वेग कमी करून एक फट शोधली, दोन मोठ्या लाटा जाऊ दिल्या, तिसरीच्या पाठीवर बसायचं म्हणून मशीन पूर्ण पिळलं, आणि मशीन खोकून बंद पडलं. फुटणाऱ्या लाटांपासून अंतर अंदाजे २०० मीटर. होडी आडवी फिरली. वारा तिला दक्षिणेच्या पुळणीवर फुटणाऱ्या लाटांकडे रेटू लागला. एक लाट मागून आत आली आणि घोट्याएवढं पाणी भरलं.

मशीन तिथेच का बंद पडलं, याला नशिबाचा संबंध नाही. हवेचा स्क्रू बंद असला की पेट्रोल उपसलं जाताना टाकीत निर्वात तयार होतो. हळू चालताना मशीनला थोडंच पेट्रोल लागतं, तोवर ओढून नेतं. पूर्ण वेग दिला की मागणी वाढते, पंपाला ओढवत नाही, आणि मशीन उपाशी मरतं. सर्वात जास्त ताकद जिथे मागितली जाते तिथेच ते बंद पडणार.

पहिली पाच मिनिटं

खलाशाने आधी स्टार्टरची दोरी धरली. तांडेलने त्याला थांबवलं: "आधी नांगर." या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय. मशीन सुरू होईल न होईल. होडी वाहत राहिली तर लाटांत जाणार हे नक्की.

नांगर मागच्या फळीखाली होता, दोर गुंतलेला. खलाशी तो मागूनच सोडायला निघाला होता. छोट्या होडीत मागून नांगर टाकणं हे बुडण्याचं हमखास कारण आहे: मशीनचं वजन मागे, दोराचा ताण मागे, आणि लाट येते ती थेट आत. तांडेलने दोर पुढे नेऊन नाळेच्या कडीला बांधला, मगच नांगर टाकला. खोली पाच मीटरच्या आसपास, दोर ३५ मीटर सोडला, म्हणजे खोलीच्या सातपट. दोर कमी सोडला तर नांगर वर उचलला जातो आणि वाळूत घासत सरकतो; शांत पाण्यात तिप्पट-चौपट पुरतो, लाटांत नाही. पुढे दोन मीटर साखळी होती, तिच्यामुळे ओढ आडवी राहिली. नांगराने धरलं. होडी मुखापासून बाहेर असल्याने नाळ वाऱ्याकडे वळली आणि डोलणं निम्म्यावर आलं.

मग माणसं. सगळ्यांना फळ्यांवरून खाली, मधोमध बसवलं. जॅकेटं घालून पट्टे आवळायला डुलत्या होडीत सहा-सात मिनिटं गेली. जेटीवर हे काम एका मिनिटाचं. मुलांच्या जॅकेटला एका मावशींची ओढणी फाडून दोन पायांमधून पट्टा केला आणि पुढे-मागे बांधला, म्हणजे जॅकेट वर सरकणार नाही. दोघे जण प्लास्टिकच्या डब्यांनी पाणी उपसत राहिले. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण तळात मोकळं हलणारं पाणी दर कलण्यासरशी एका बाजूला धावतं आणि होडीचा तोल तेच घालवतं.

फोनला रेंज होती. जेटीवरच्या पहिल्या तांडेलने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलला. तिकडे आजोबांनी पैसे पाठवल्याच्या नोंदीवरून तांडेलचा नंबर काढला, पण तो सतत व्यस्त. त्यांनी सुनेला फोन केला, थेट लोकेशन मागवून घेतलं आणि ११२ वर कळवलं. किती माणसं, मुलं किती, जॅकेटं आहेत का, होडीचा रंग कोणता, नांगर टाकलाय की वाहते आहे: हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, कारण सुनेने तेवढंच लिहून पाठवलं होतं. लांबलचक हकिकतीपेक्षा शोधणाऱ्याला या पाच गोष्टी हव्या असतात.

समोरचे पर्याय

नांगर धरल्यावर वेळ मिळाला, आणि वेळ मिळाल्यावर सल्ले सुरू झाले.

एका तरुणाने पोहत जाऊन दोर पुळणीवर न्यायची तयारी दाखवली. किनारा जवळ दिसत होता, तो कॉलेजात पोहायचा. तांडेलने सरळ नाही म्हटलं. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून दोर ओढत जाणारा माणूस दोरातच अडकतो. शिवाय पुळणीवर दोर पोचून करायचं काय? होडी त्याच लाटांतून ओढायची? बुडत नसलेली होडी सोडायची नाही, हा नियम पोहता येणाऱ्यांनी आणखीच पाळावा, कारण मोह त्यांनाच होतो.

वल्ही दोन होती. बारा माणसांची होडी वारा आणि ओहोटीत वल्हवणं शक्य नव्हतं. विषय तिथेच संपला.

दरम्यान तांडेलने मशीनकडे पाहिलं. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा झाला होता आणि दाबला तर परत फुगत नव्हता. ही खूण वाचता आली पाहिजे. फुगा चपटा राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. मऊच राहिला, घट्ट होत नसेल, तर कुठून तरी हवा शिरते किंवा पेट्रोल संपलं. घट्ट झाला तरी मशीन सुरू होत नसेल तर दोष पुढे मशीनमध्ये. टाकीच्या बाजूही आत दबलेल्या दिसल्या. स्क्रू सैल केल्याबरोबर फुसकन हवा आत गेली, फुगा भरला, आणि १६:२५ ला दुसऱ्या झटक्यात मशीन सुरू झालं.

आणि खरी अडचण इथे सुरू झाली. मशीन चालू, जेटी समोर, गाड्या तिथे उभ्या, आजी-आजोबा तिथे. सगळ्यांचं एकच म्हणणं: "दादा, झालं ना सुरू, चला आता." तांडेलसमोर तीन रस्ते होते. लगेच मुखातून आत शिरायचं. पाणी फिरेपर्यंत नांगरावर थांबायचं. किंवा उत्तरेला सहा किलोमीटरवर खडकांच्या आडोशाचं बंदर आहे, जिथे वाटेत दांडा नाही, तिकडे जायचं.

आत शिरायला ओहोटीचा चौथा तास ही सर्वात वाईट वेळ. थांबायचं तर पूर्ण ओहोटीला ओढ थांबली असती, पण तेव्हा दांड्यावर पाणी सर्वात कमी. पुरेसं पाणी चढायला रात्रीचे नऊ वाजले असते. सूर्यास्त १८:४० च्या आसपास. अंधारात दांडा, दोन मुलं, ओकाऱ्या करणारी तीन माणसं. टाकीत सात-आठ लिटर पेट्रोल. बंदर गाठायला ते पुरलं असतं, पण जेमतेम, आणि मशीन पुन्हा बंद पडलं तर नांगर टाकायला दुसरीकडे इतका चांगला तळ मिळेल याची खात्री नव्हती.

केलेली कृती

जेटीवरच्या तांडेलने उत्तरेच्या त्याच बंदराकडे परतणाऱ्या एका मच्छीमार नौकेला फोन लावला होता. डिझेल मशीनची ती मोठी नौका १६:४५ ला आली, आणि तिच्या मागे दोराने ओढत बंदरात जायचं ठरलं. मुलांना तरी नौकेवर घ्यावं, असं तिच्या खलाशांचं म्हणणं पडलं. तांडेलने पाहिलं की होडी आणि नौकेचे काठ एकमेकांवर मीटरभर वर-खाली आपटत होते. मधे हात सापडला तर बोटं जातात, मूल निसटलं तर दोन होड्यांच्या मधे पडतं. माणसं जिथे होती तिथेच ठेवली. बुडणारी होडी असती तर हिशेब उलटा झाला असता.

ओढण्याचा दोर १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा, ४० मीटर. तो बसायच्या फळीला न बांधता नाळेच्या कडीलाच बांधला. झटक्यात फळी उखडून येते. शेजारी कोयता ठेवला, गरज पडली तर दोर तोडायला. लांबी अशी जुळवली की दोन्ही नौका लाटेवर एकदम चढतील आणि एकदम उतरतील. एक चढत असताना दुसरी उतरत असेल तर दोर कधी लोंबतो, कधी तुटायच्या बेतात येतो. माणसांना मागच्या भागात, तळाशी बसवलं, म्हणजे नाळ हलकी राहून वर उचलली जाईल. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी बसणार नाही हे बघितलं, कारण तुटलेला नायलॉन चाबकासारखा परत येतो. मशीन न्यूट्रलवर चालू ठेवलं, त्याचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्यात सरळ धरला, म्हणजे होडी डावी-उजवीकडे भरकटत नाही. वेग साधारण तीन-साडेतीन नॉट, म्हणजे ताशी सहा किलोमीटरच्या आसपास.

निष्पत्ती

१८:०५ ला होडी बंदरात लागली, उजेडात. एकाच्या तळहाताची साल दोराने गेली, दोन फोन भिजले, मुलं दमून झोपली. ११२ च्या फोनमुळे सागरी पोलीस बंदरावर हजर होते. त्यांनी माणसं मोजली आणि जबाब घेतले. आजी-आजोबांना रिक्षाने आणलं, गाड्या दोघांनी जाऊन आणल्या. होडी दुसऱ्या दिवशी सकाळी चढत्या पाण्यावर खाडीत गेली. दांड्यावर तेव्हा पांढरी रेघसुद्धा नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पर्यटकांचा हट्ट नडला, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. ते अर्धसत्य आहे. आगाऊ पैसे परत द्यायची वेळ येऊ नये म्हणून होडी सुटली, हे तितकंच खरं. बुकिंगच्या वेळीच 'उशीर झाला तर फेरी रद्द, पैसे परत किंवा पुढची तारीख' असं लिहून दिलं असतं तर जेटीवर वाद घालायची वेळच आली नसती. वारा आणि पाणी बघून नाही म्हणणाऱ्या तांडेलचं नुकसान होणार असेल, तर तो किती दिवस नाही म्हणेल?

सुटण्याआधी परतीची वेळ मांडायला हवी होती. बाहेर पडताना पाणी कसं आहे याला दुय्यम महत्त्व. परत येताना ओहोटीचा कितवा तास असेल आणि वारा कुठून असेल, हे आधी बघायचं. त्या दिवशी सकाळी आठला निघाले असते तर चढत्या पाण्यावर, मतलई वाऱ्यात, साडेनऊला परत असते. आणि परतीचा दुसरा धक्का निघतानाच ठरलेला हवा: मुख बंद दिसलं तर कुठे जायचं, तिथवर पेट्रोल किती लागेल. पेट्रोलचा तिहेरी हिशेब याच कामाचा आहे. एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. टाकी पूर्ण भरलेली असती तर तांडेलला वेगळ्या बंदराचा विचार दहा मिनिटं आधी, मुखासमोर पोचताक्षणी करता आला असता. मशीन बंद पडायच्या आधी त्याने त्या लाटांत शिरायचा प्रयत्न केला, हा या प्रकरणातला सर्वात वादाचा निर्णय आहे. ते शिरण्यासारखं होतं असं म्हणणारे तांडेल भेटतील. मशीन दोनशे मीटरऐवजी वीस मीटरवर बंद पडलं असतं तर हे प्रकरण इतक्या शांतपणे लिहिता आलं नसतं.

स्क्रूबाबत उपाय किरकोळ आहे. झाकणाला लाल रंग, आणि निघताना तांडेलने स्वतःच्या हाताने तपासायच्या चार गोष्टी: हवेचा स्क्रू उघडा, फुगा घट्ट, मशीनच्या मागच्या भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची धार येते आहे, बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला अडकवलेली. स्क्रू कोणीही फिरवला तर तोंडाने सांगायचं. वास नकोसा असेल तर टाकी मागे सरकवून घट्ट बांधावी.

नांगर नाळेजवळ, दोर वेटोळं करून, शेवटचं टोक कडीला आधीच बांधलेलं. मुलांची जॅकेटं वजनाप्रमाणे, पायांतल्या पट्ट्यासह. ती नसतील तर मुलांना घ्यायचं नाही. जॅकेट काढलेलं दिसलं की होडी वळवायची, एवढं एक वाक्य चढतानाच सांगितलं तर फोटोसाठी पट्टे सुटत नाहीत.

फोन लवकर करायला हवा होता. ११२ वर खबर गेली ती मशीन बंद पडल्यावर वीस मिनिटांनी, आणि तीही किनाऱ्यावरून. नांगर धरला की दुसरं काम हेच: तटरक्षक दलाचा १५५४, किनारी पोलिसांचा १०९३, किंवा ११२. अडचण सुटली तर 'आता गरज नाही' असं कळवता येतं.

धरणाच्या पाण्यावर होडी चालवणाऱ्यांनी हे समुद्राचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. तिथे ओहोटी नसते, दांडा नसतो, पण उथळ, रुंद पाण्यावर वळवाचा वारा काही मिनिटांत लाटा उठवतो. उजनी जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अशाच वादळी वाऱ्यात कळाशी-कुगाव मार्गावरची होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. मे महिन्यात दुपारनंतर ढग काळवंडले की जवळचा कुठलाही काठ हाच परतीचा धक्का. गाडी दुसऱ्या काठावर असली तर पायी जाऊन आणता येते.